पोलिश लग्नात ‘नको’ म्हणण्याची तालीम

आमच्या सासूबाई पुण्यात सगळ्यांना सांगतात की त्यांची धाकटी सून बर्लिनला हॉस्पिटलात असते. ऐकणारा आधी काळजीने विचारतो, “काय झालंय तिला?” मग त्यांना खुलासा करावा लागतो की आजारी नाही, नोकरीला आहे. एवढा व्याप त्या करतात, कारण “सून दारुड्यांमध्ये काम करते” हे वाक्य सोसायटीच्या भिशीत उच्चारता येत नाही. एकदा मी म्हटलं, “अहो आई, व्यसनमुक्तीच्या सल्लाकेंद्रात आहे असं सरळ सांगा की.” त्या म्हणाल्या, “सांगून बघितलं. लगेच विचारतात, सुटली का तिची.”

बर्लिनमधल्या मराठी मंडळींची तऱ्हा वेगळी. कुणाच्या घरी जेवायला जमलो आणि नव्या माणसाने माझं काम विचारलं की उत्तर ऐकताच त्याच्या हातातला ग्लास खिडकीच्या पडद्यामागे जातो. दुसरा एखादा आपणहून सांगतो, “मी आपला सोशली घेतो हं, ताई.” मी काही विचारलेलं नसतं. आमच्या धंद्यात न विचारता आलेलं उत्तर नीट लक्षात ठेवतात. शिवाय आपल्याकडे पिणारा माणूस नसतोच. गडी पितात, शेजारचा पितो, सिनेमातला खलनायक पितो. आपल्या घरचे फक्त ‘घेतात’.

मी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावची. वडील एस.टी. स्टँडच्या कँटीनमध्ये भजी तळायचे. घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि ती माझ्या हुशारीने झाली असं मी कधीच म्हणणार नाही. दहावीनंतर देशमाने सर घरी आले, चहा घेतला आणि वडिलांना म्हणाले, “पोरगी पुढे शिकेल, तुम्ही फक्त मध्ये येऊ नका.” वडील मध्ये आले नाहीत. पुढे समाजकार्याची पदवी झाली, लग्न झालं, ह्यांच्या कंपनीने बर्लिनला पाठवलं. मी जर्मन शिकले, पदवीची मान्यता मिळवली आणि या केंद्रात लागले. का घेतलं असेल, असं बरीच वर्षं वाटायचं. माझ्या परदेशी अनुभवाचा मान राखला असावा, असा माझा समज होता. नंतर कळलं की संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

आता काम काय ते सांगते. आमच्या केंद्राला दोन बाजू आहेत. एक आम्हा शिकलेल्यांची. तिथे माणसाला ‘टर्मिन’ म्हणजे भेटीची वेळ मिळते, आणि ती अशी मिळते की तोवर त्याने एकतर दारू सोडलेली असते किंवा बायकोने त्याला. दुसरी बाजू गटांची. पूर्वी प्यायलेली आणि आता न पिणारी माणसं एका खोलीत जमतात आणि एकमेकांना सांभाळतात. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, अध्यक्ष नाही. पोलिश बोलणाऱ्यांचा गट दर गुरुवारी जमतो. बांधकामावरची माणसं, ट्रक चालवणारी, म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या बायका. माझं काम खोली उघडून देण्याचं, पाणी उकळायला ठेवण्याचं आणि बाजूच्या खोलीत बसून राहण्याचं. कुणी थरथरत आलाच तर डॉक्टर बोलावण्याचं. फार पिणाऱ्याने एकदम सोडली तर फीट येते, जीवही जातो, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिरमिरीत सगळ्या बाटल्या मोरीत ओतणारा नवरा नाटकात टाळ्या घेतो. आमच्याकडे त्याला आधी इस्पितळात पाठवतात.

मला पोलिश येत नाही. बैठक संपली की मंडळी चहाला माझ्याकडे येतात आणि आम्ही जर्मन बोलतो. त्यांचं जर्मन बांधकामाच्या परांचीवर शिकलेलं, माझं क्लासमध्ये, आणि दोन्हीकडचं व्याकरण एकाच अपघातात गेल्यासारखं. म्हणून आमचं जमतं. पोलिश लोक बाईला आदराने ‘पानी’ म्हणतात. मी त्यांची पानी शैला.

गटात सगळ्यांत जुनी हालिना. एका जर्मन आजींच्या घरी राहून त्यांचं सगळं करते. साठीची, केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक. दुसरा झ्बिशेक, घरं रंगवतो, आणि स्वतःच्या दारूचे किस्से असे सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, आपलं आयुष्य वाया गेलं.

या दोन बाजूंमध्ये किती अंतर आहे ते मला केंद्राच्या वर्धापनदिनाला कळलं. आमच्या प्रमुख फ्राऊ ब्रेमर अतिशय सज्जन बाई. कुठल्याही प्रसंगाला त्या ‘कॉन्सेप्ट’ लिहितात. नगरसेवक येणार, भाषणं होणार, आणि जर्मन रिवाजाप्रमाणे हातात फेसाळत्या वाइनचा उभा ग्लास हवाच. केंद्र व्यसनमुक्तीचं, म्हणून त्यांनी खास बिनअल्कोहोलची मागवली. बाटल्या तशाच, बूच तसंच, बूच उडाल्याचा आवाज तसाच. ‘फट्’ झालं आणि पोलिश गटातली सगळी माणसं कोट घेऊन बाहेर फुटपाथवर.

फ्राऊ ब्रेमर घाबऱ्या होऊन माझ्याकडे आल्या. “पण त्यात अल्कोहोल नाहीये, शैला. त्यांना सांगा ना.”

मी बाहेर गेले. हालिना सिगारेट ओढत होती. म्हणाली, “ग्लास तोच, वास तोच, बुडबुडे तेच. नवरा सोडला आणि त्याचा फोटो उशाशी घेऊन झोपायचं, असं आहे हे. तुमच्या बाईंना सांग, आम्हाला चहा चालतो. आणि खारे काजू आतून घेऊन ये.”

मी काजू नेऊन दिले. पुढच्या वर्षी चहा ठेवला. नगरसेवक आले नाहीत.

आपल्या माणसांविषयीही एक सांगायला हवं, नाहीतर मी फक्त परक्यांना हसते असं व्हायचं. एकदा एक मराठी इंजिनियर आला. त्याला पंकज म्हणू. दारू पिऊन सायकल चालवताना पोलिसांनी पकडलेला. इथे त्यासाठीसुद्धा मानसशास्त्रज्ञापुढे परीक्षा द्यावी लागते. लोक तिला ‘मूर्खांची परीक्षा’ म्हणतात, आणि नापास झालात तर कारचं लायसन्स विसरा. तो बसला आणि खुर्ची जवळ ओढून म्हणाला, “ताई, आपल्याच आहात म्हणून बोलतो. मी नियमित समुपदेशनाला येतो असं एक सर्टिफिकेट द्या ना. बाकी मला काही प्रॉब्लेम नाही.”

“नियमित या, मग देते.”

“अहो ताई, मी श्रावण पाळतो. अख्खा महिना एक थेंब नाही. ॲडिक्ट माणसाला जमेल का?”

“श्रावणाच्या आदल्या दिवशी काय करता?”

तो हसला. “आल्झो… म्हणजे, गटारी असते ना. ती तर परंपरा आहे.”

मी त्याला म्हटलं, बाजूच्या खोलीत एक पोलिश माणूस आहे, त्याची आणि तुमची ओळख करून देते, तुमची परंपरा एकच आहे. झ्बिशेकने एकदा गावच्या पाद्र्यासमोर गुडघ्यावर बसून शपथ घेतली होती, नाताळ उलटेपर्यंत शिवणार नाही म्हणून. तशी शपथ त्यांच्याकडे रीतसर घेतात, पाद्री आशीर्वादाचं चित्र देतो. झ्बिशेकने शपथ अक्षरशः पाळली. मुदत संपली त्या सकाळी दुकान उघडायच्या आधी तो दारात उभा होता, आणि मागे आणखी तिघे, त्याच पाद्र्याचे शपथवाले. पंकजला हे आवडलं नाही. “ते लोक वेगळे, ताई,” म्हणाला आणि गेला. पुढे दोनेक वर्षांनी त्याच्या बायकोचा फोन आला. तिला मराठीत बोलायचं होतं. मी बोलले. मग तिने विचारलं, मराठी लोकांचा असा गट नाही का इथे? मी नाही म्हणाले. कसा असणार? आपल्यात कुणी पीतच नाही. ते ‘नाही’ मला अजून टोचतं. पोलिश मजूर जे चार खुर्च्या मांडून करतात, ते आपल्या एवढ्या पदव्यांना का जमू नये?

तर मारेक. परांचीवर चढणारा माणूस, म्हणजे इमारतीला बाहेरून जो लोखंडी सांगाडा लावतात तो उभा करणारा. धिप्पाड, कमी बोलणारा. लायसन्स गेलेलं, त्या परीक्षेसाठी म्हणून गटात आला, पास झाला, आणि तरी येत राहिला. यासाठीच तो मला आवडायचा. बायकोने पूर्वीच घटस्फोट घेतलेला. मुलगी कासिया आईकडे पोलंडमध्ये. एका गुरुवारी तो बैठकीनंतर चहा न घेता उभाच राहिला आणि म्हणाला, “कासियाचं लग्न आहे. मला बोलावलंय.”

सगळे खूश झाले. तो झाला नाही. कासियाने फोनवर सांगितलं होतं, “या. पण एक ग्लास जरी घेतलात तर मामा तुम्हाला दाराबाहेर काढेल, आणि मग मला पुन्हा कधी फोन करू नका.”

“मग नको घेऊस,” मी म्हटलं.

गटातले सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं आपण ‘मुंबईत समुद्र कुठे आहे’ विचारणाऱ्याकडे बघतो. हालिनाने मला पोलिश लग्न समजावून सांगितलं. दर टेबलावर व्होडका. पाणी मागवावं लागतं, व्होडका असतेच. नवरा-नवरी हॉलच्या दारात आली की आईवडील पाव, मीठ आणि व्होडकाचे दोन छोटे ग्लास घेऊन त्यांचं स्वागत करतात. मग रात्रभर काका, मामा, नवऱ्याकडचे, बँडवाले, जो येतो तो बाटली घेऊन येतो आणि एकच प्रश्न विचारतो, “माझ्याबरोबर नाही पिणार?” नाही म्हटलं तर तो अपमान मुलीच्या नव्या घराचा.

“बापाला ट्रे धरावा लागतो,” झ्बिशेक म्हणाला. “नाकाखाली. वाफ नाही, पण वास आहे.”

तेव्हा गटाने ठरवलं की मारेकची तालीम घ्यायची. एरवी त्यांच्या बैठकीत मला प्रवेश नसतो. त्या दिवशी दार उघडं ठेवलं आणि माझ्यासाठी सगळे जर्मन बोलले. टेबलावर औषधं घ्यायचे छोटे पेले, त्यात नळाचं पाणी. झ्बिशेक काका झाला.

“मारेक, तुझ्या मुलीच्या नावाने.”

“माझं अँटिबायोटिक चालू आहे.”

“व्होडकाहून मोठं अँटिबायोटिक कोणतं? घे.”

“गाडी चालवायची आहे.”

“कुठे? लग्न इथेच आहे. घे.”

“पोट बरं नाही.”

“म्हणूनच तर म्हणतो.”

मारेककडची कारणं संपली. हालिना माझ्याकडे वळली. “पानी शैला, तुमच्याकडे लग्नात कसं पाजतात?”

मी म्हटलं, आमच्याकडे पाजत नाहीत, वाढतात. आणि मग मला त्यांना आग्रह समजावून सांगावा लागला. पानावर बसलेल्या माणसाचं पोट तुडुंब भरलंय. त्याने दोन्ही हात पानावर आडवे धरलेत. तरी वाढपी त्या हातांवर जिलबी ठेवून जातो. यजमान येतात, त्यांचे भाऊ येतात, शेवटी आत्या येते आणि म्हणते, माझ्या गळ्याची शपथ. मंडळी गंभीर होऊन ऐकत होती. झ्बिशेक म्हणाला, “ही तर व्होडकाच झाली. फक्त गोड.”

“दाखव,” हालिना म्हणाली.

मी पेला घेतला आणि मारेकच्या शेजारी बसले. आमच्या गावी बायनाआत्या नावाचं एक प्रकरण होतं. तिच्या आग्रहातून मधुमेहीसुद्धा सुटले नाहीत. तिची पद्धत अशी की ती आग्रह करतच नसे. मी पेला त्याच्यासमोर ठेवला, हातही लावला नाही, आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, “राहू दे. नको घेऊ. मी कोण तुला सांगणारी. आज तुझी आई असती तर तिच्या हातून घेतलं असतंस.” आणि डोळ्यांना पदर लावावा तसा स्कार्फ लावला.

मारेकचा हात पेल्याकडे गेला.

पाणीच होतं. मारेकने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो मांडीखाली दाबून धरला. झ्बिशेक हळूच म्हणाला, “देवा, ही बाई आमच्या बाजूला आहे ना?”

“तुमच्याकडे यातून माणूस सुटतो कसा?” हालिनाने विचारलं.

“उपास आहे म्हणून सांगायचं. देवाचं नाव आलं की आत्यासुद्धा मागे हटते.”

“मग मी शपथ घेतो,” मारेक म्हणाला. “पाद्र्यासमोर. शपथ आहे म्हटलं की काका गप्प.”

“किती दिवसांची?” झ्बिशेकने विचारलं, आणि सगळ्यांत जास्त तोच हसला. शपथेला शेवटची तारीख असते, आणि माणूस त्या तारखेकडे बघत जगतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक. हालिनाचं म्हणणं, सरळ सांग, मी दारुड्या आहे म्हणून पीत नाही. मारेक लाल झाला. “नवऱ्याच्या घरच्यांसमोर? त्यापेक्षा प्यायलेलं परवडलं कासियाला.”

खूप वाद झाला. शेवटी जे ठरलं ते इतकं साधं होतं की मला हसू आलं. कारण द्यायचंच नाही. कारण दिलं की समोरच्याच्या हाती दोरी येते, तो तीच धरून ओढतो. नुसतं ‘नको, थँक यू’ म्हणायचं. परत विचारलं तर परत तेच. आवाज न चढवता, खाली न बघता. मला जाणवलं की हे मलाही कुणी शिकवलेलं नाही. आमच्याकडे ‘नको’ म्हणजे ‘अजून एकदा विचारा’. पुढचे सगळे गुरुवार मारेक ‘नको’ म्हणत होता, शाळेतल्या पोराने कविता पाठ करावी तसा. धुण्यासारखा आम्ही त्याला धोपटत होतो. झ्बिशेक काका, बँडवाला, नवऱ्याचा बाप, एकदा तर बिशप झाला.

फ्राऊ ब्रेमरना याचा सुगावा लागलाच. त्या आनंदाने फुलून आल्या. “शैला, हे तर आंतरसांस्कृतिक नकार-प्रशिक्षण आहे. मी कॉन्सेप्ट लिहिते. फोटो घेता येतील का? मारेक वार्षिक परिषदेत दहा मिनिटं बोलेल का?”

मी म्हटलं, “तो ‘नको’ म्हणेल. सध्या तेवढंच शिकतोय.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” त्या म्हणाल्या आणि हेही लिहून घेतलं.

अशा ठिकाणी एकट्याने जायचं नाही, हा गटाचा नियम. मारेकबरोबर हालिना जाणार होती. अडचण तिच्या आजींची. आजींचा मुलगा फार मोठा वकील, चार रस्ते ओलांडून राहतो. हालिनाने सुट्टी मागितली तेव्हा तो म्हणाला, “पण मग आईकडे कोण बघणार?” हालिना म्हणाली, “तिला एक मुलगा आहे असं ऐकलंय.” लग्नात तिचा फोन सारखा वाजत होता. डायपर कुठे आहेत, गोळी जेवणाआधी की नंतर, आई मला ओळखत का नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं नाही म्हणाली, लग्न होतं म्हणून.

ते परत आले त्या गुरुवारी खोली भरून गेली होती. दार पुन्हा माझ्यासाठी उघडं ठेवलेलं, आणि बोलणं जर्मनमध्ये. मारेक बसला. झ्बिशेकला राहवेना. “किती जणांना ‘नको’ म्हणालास?”

“कुणालाच नाही,” मारेक म्हणाला.

हालिनाने हात वर केला. “पूर्ण ऐका.”

झालं असं की कासियाने आधीच सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. काकांना, बँडवाल्यांना, वाढप्यांना, की बाबांना विचारायचंच नाही. दारात पाव-मिठाचा ट्रे मामाने धरला. आपल्या लग्नात मामाचा मान किती ते मी सांगायला नको, पण तो मामाच्या जागी असतो, बापाच्या नाही. मारेकची खुर्ची लहान मुलं, बहिरी मावशी आणि फोटोग्राफर यांच्या टेबलाशी. तिथे फक्त सरबत. वाढपी बाटली घेऊन यायचा, त्याला बघून वळसा घालून जायचा. काका लांबूनच हात हलवायचे. “पाठ करून गेलो होतो,” मारेक म्हणाला, “आणि परीक्षेलाच बसू दिलं नाही. मी बापासारखा नव्हतो तिथे. ओल्या रंगाच्या भिंतीसारखा होतो. पाटी लावलेली, हात लावू नका.”

त्याला इतकं लागलं की तो हॉलच्या मागे जाऊन उभा राहिला. आणि तिथे, ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं असा नवऱ्याकडचा एक लांबचा काका आला. एका हातात बाटली, दुसऱ्यात दोन ग्लास. “काय, एकटेच? चला, आपण दोघं.”

“काय वाटलं?” झ्बिशेकने विचारलं.

“बरं वाटलं,” मारेक म्हणाला. “सगळ्या दिवसात मला माणूस म्हणून विचारणारा तो एकटा. त्याला मिठी मारावीशी वाटली. आणि खरं सांगतो, घ्यावीशी वाटली. कुणाला कळलंही नसतं.”

“मी दारात होते,” हालिना म्हणाली. “मी हाक मारली नाही. मारणार होते, पण वकिलाचा फोन आला.”

“मग?”

“मी म्हणालो, नको, थँक यू.”

“आणि तो?”

“तो म्हणाला, बरं. आणि दोन्ही ग्लास स्वतः प्याला.”

“एवढंच? आग्रह नाही?”

“एवढंच. मी थांबलो होतो. दुसऱ्यांदा विचारेल म्हणून. पानी शैलासारखं आईचं नाव काढेल म्हणून. तो निघून गेला, नाचायला. महिनाभराची तयारी, आणि एक ‘बरं’.” आता कुठे खोलीत हसू फुटलं. मारेक मात्र हसत नव्हता. “तुम्ही हसा. माझा राग गेला नव्हता. दुसऱ्या दिवसाचं ऐका.”

पोलंडमध्ये लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवण असतं, पण ते होईस्तोवर पाहुणे भुईसपाट. आणि पोलिसांना लग्नाचे हॉल ठाऊक असतात. ते सकाळी नाक्यावर उभे राहून प्रत्येकाला नळीत फुंकायला लावतात. हालिनाला गाडी येत नाही, त्यामुळे संपूर्ण वऱ्हाडात गाडी चालवू शकेल असा एकच माणूस उरला होता. रात्री ज्यांनी त्याच्यापासून बाटल्या लांब ठेवल्या ते सगळे सकाळी त्याच्या दारात. कुणाला स्टेशनवर सोडायचं, कुणाला शेजारच्या गावी, बहिऱ्या मावशीला चर्चमध्ये. मामा मागच्या सीटवर आडवा.

“मुलीचा बाप म्हणून गेलो आणि टॅक्सीवाला झालो,” मारेक म्हणाला. “पोलिसाने फुंकायला लावलं. शून्य. मी विचारलं, परत एकदा फुंकू? त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी नव्हतो करत. आवडलं मला.”

झ्बिशेक म्हणाला, “प्रत्येक फेरीला फुंकलास?”

“ज्या ज्या वेळी त्याने थांबवलं. नंतर नंतर तो नुसता सलाम करायचा.”

हालिनाने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. मारेकने तो दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, दुपारी कासिया बाहेर आली. नवरा झोपलेला. आजीकडे केक पोचवायचा होता. ती गाडीपाशी आली. त्याला वाटलं, केक ठेवून जाईल. तिने पुढचं दार उघडलं आणि बसली.

“ती आठ-नऊ वर्षांची होती,” तो म्हणाला, “तेव्हा शाळेतून आणताना मी गाडी शेताच्या चरात घातली होती. तिला काही लागलं नाही. पण त्यानंतर कधी बसली नाही माझ्या गाडीत. बर्फात चालत जायची. मी बाजूने हळूहळू गाडी चालवत हाका मारायचो, कासिया, बस. ती सरळ समोर बघून चालायची.”

फ्राऊ ब्रेमर दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात वही होती, ती त्यांनी उघडली नाही, हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम लिहून ठेवते.

“काही बोलली का?” हालिनाने विचारलं. तीही हे पहिल्यांदाच ऐकत असावी.

“नाही. केक मांडीवर घेतला. दुसऱ्या वळणावर डोकं काचेला टेकलं आणि झोपली. तोंड उघडं टाकून. रात्रभर नाचलेली ना. आजीचं घर आलं. मी पुढे गेलो. चर्चला वळसा, मग नदीपर्यंत, मग परत. केकचं क्रीम वितळून तिच्या ड्रेसवर आलं.”

“आणि पेट्रोल?” झ्बिशेकने विचारलं. त्याला गंभीर वातावरण सोसत नाही.

“लाल दिवा लागला होता,” मारेक म्हणाला. “पंप दोनदा मागे गेला. पण थांबलो असतो तर ती जागी झाली असती.”